फरशीखालची हवा

रविवारी दुपारी, जेवणं आटोपून आम्ही तिघंही आडवे झालो असताना, आमच्या बाहेरच्या खोलीतली फरशी उठून बसली. दुसरा शब्दच नाही. आधी एक आवाज झाला, थंड काचेच्या ग्लासात उकळतं पाणी ओतल्यावर होतो तसा. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन. आणि मी दारात येऊन उभी राहिले तेव्हा खोलीच्या मधोमध दोन फरश्या डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या, पत्त्यांच्या बंगल्यातल्या पहिल्या दोन पत्त्यांसारख्या. कुणी त्यांना हात लावला नव्हता. पंखा फिरत होता, खिडकीतलं ऊन होतं तिथंच होतं, आणि त्या दोन फरश्यांच्या खाली एक काळोखी फट होती. इतकी वर्षं आपण हिच्यावरून चालत होतो, असं मला वाटलं. नवरा चष्मा शोधत मागून आला आणि म्हणाला, "भूकंप झाला का?" आई, म्हणजे माझी आई, बाबा गेल्यापासून गेली सहा वर्षं आमच्याकडेच असते. ती आपल्या खोलीतून ओरडली, "काय पाडलंस गं?"

"काही नाही पाडलं. फरशी उठली."

"उठली? आणि निघाली कुठं?"

नवरा हसला. मलाही हसू आलं, पण ते ओठांशी येऊन तिथंच थांबलं, कारण तो आवाज अजून माझ्या कानातून गेला नव्हता. मी पायाचा अंगठा शेजारच्या फरशीवर टेकवला. ती हलली नाही, पण तिच्या पोटातून काहीतरी उत्तर आल्यासारखं झालं. खोलीतल्या कितीतरी फरश्या अशाच असणार, वरून शहाण्यासारख्या सपाट आणि खाली हवा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिलो, तळ्याच्या काठानं चालावं तसे.

माझा सगळा दिवस आवाजांतच जातो. एका मोठ्या इस्पितळात मी कान तपासते. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याआधी माणूस माझ्याकडे येतो. जाड दाराची एक छोटी खोली आहे, आतून भिंतींना मऊ अस्तर. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. सांगायचं, कितीही बारीक आवाज आला, आल्यासारखा वाटला तरी दाबा. मग काचेच्या अलीकडे बसून मी एकेक सूर सोडते, आधी जाड, मग बारीक, अजून बारीक, आणि कागदावर ठिपके मांडत जाते. ठिपके जोडले की रेघ होते. कुणाची सपाट माळासारखी, कुणाची जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय. ऐकू न येणाऱ्या माणसाचा चेहरा मला दुकानात, लिफ्टमध्ये, रस्त्यातही ओळखू येतो. तो तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघतो, आणि तुमचं वाक्य संपायच्या जरासं आधी हसतो. लोक म्हणतात, काय गोड माणूस आहे.

फरशीवाला शोधायचं काम माझ्यावर आलं. "तुला माणसं कळतात," नवरा म्हणाला. स्वतःला नको असलेलं काम माझ्या गळ्यात घालताना तो नेहमी हेच म्हणतो. पहिला कंत्राटदार गुळगुळीत माणूस होता. त्यानं आमच्या जमिनीकडे बघितलंच नाही, मोबाइलवर दुसऱ्यांच्या घरांचे फोटो दाखवत राहिला. त्या फोटोंत माणसं नव्हती, नुसती चकाकणारी जमीन, जणू सगळी घर टाकून निघून गेली होती. दुसरा म्हणाला, "जुनी उखडायचीच कशाला? हिच्यावरच नवी चिकटवू. दोन दिवसांत मोकळे." मी विचारलं, "आणि खालच्या हवेचं काय?" "हवा कुणाला दिसते, मॅडम?"

तिसरा एकटाच आला. साठीच्या आतबाहेरचा, उंच, पाठीत जरा वाकलेला, भुवयांवर पांढरी धूळ इतकी मुरलेली की ती केसांचाच रंग वाटावी. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणतात असं ज्यांनी नाव सुचवलं त्यांनी सांगितलं होतं. तो आल्याआल्या गुडघ्यांवर बसला. डावा तळहात फरशीवर सपाट ठेवला, उजव्या हातातल्या थापीच्या लाकडी मुठीनं शेजारी टक टक केलं, आणि डोळे मिटले. मग पुढची फरशी. मग तिच्या पुढची. सबंध खोली तो असा गुडघ्यांवर फिरला आणि खडूनं फुल्या मारत गेला, आणि मी दारात श्वास धरून उभी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आपल्या धंद्यातला माणूस भेटला होता.

"बसवणाऱ्यानं फरशीला फरशी घट्ट लावलीय, ताई," तो उठत म्हणाला. "सांध्याला जागाच ठेवली नाही. ऊन वाढलं की फरशी फुगते. केसभरच फुगते, पण फुगते. तिला सरकायला जागा लागते. नाही मिळाली की उठते बिचारी."

"मग आता किती दिवस लागतील?"

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं आणि हसला. "हो, सगळीच काढावी लागेल."

तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्याइतकं ते कळायला हवं होतं असं दुसरं कुणीच नसेल. पण मी त्याच्या त्या तळहाताकडे बघत होते. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो त्यानं जमिनीवर ठेवला होता, आणि माझं बाकी सगळं लक्ष उडालं होतं. काम त्यालाच दिलं.

मी दहा-बारा दिवसांची रजा टाकली. सोफा, कपाट, टीव्ही, पुस्तकांचे गठ्ठे सगळं आतल्या दोन खोल्यांत कोंबलं. घर बेटांचं झालं. नवरा पलंगावर बसून शाळेच्या वह्या तपासायचा, आई कपाट आणि खिडकीच्या मधल्या खुर्चीत बसून खिडकीला टेहळणी बुरूज म्हणायची, आणि मी मधल्या बोळकांडीतून आडवी चालायची. तीन दिवस उखडण्यात गेले. जुन्या फरश्या निघाल्या तशी खालची वाळू उघडी पडली, कोरडी, भुरकट, आणि तिच्यावर फरशीच्या पाठीच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या, उशीची घडी गालावर उमटते तशा. दुपारी धूळ उन्हात इतकी हळू खाली यायची की वाटायचं, वेळच गळून पडतोय. मी तिच्याकडे बघत बसायची आणि मला लहानपणाची एक दुपार आठवायची, मग त्या दुपारीच आणखी मागची एक, आणि कुठली कुठं संपली ते कळायचं नाही.

मिस्त्री मदतीला कुणाला घेत नसे. "बडबड करतात," म्हणायचा. एकटाच माल कालवायचा, एकटाच दोरी बांधायचा, एकटाच पाण्याच्या नळीनं पातळी धरायचा. नव्या फरश्या आम्ही साध्या सिरॅमिकच्या घेतल्या होत्या, न चकाकणाऱ्या, दुधात चहाचा एखादा थेंब पडावा अशा रंगाच्या. त्या आधी पाण्यात भिजवायच्या असतात. कोरडी फरशी सिमेंटमधलं पाणी ओढून घेते, मग सिमेंटला पकड राहत नाही. "आधी तिची तहान भागवायची," मिस्त्री म्हणाला. बाल्कनीत त्यानं मोठ्या टबात फरश्या उभ्या रचल्या आणि वरून पाणी सोडलं.

मी त्या टबाशी स्टूल घेऊन बसले. फरश्या पाणी पिऊ लागल्या की त्यांच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघतात, आणि आवाज येतो. इतका बारीक की पहिल्यांदा तो आपल्याच कानाचा वाटतो. दूर कुठंतरी कुणी रेशमी कापड हळूहळू फाडतंय, थांबतच नाहीये, आणि कापडही संपत नाहीये. शंभर फरश्यांच्या शंभर तहाना. मला वाटलं, आपण डोळे मिटले तर हा आवाज आपल्याला उचलून नेईल. मिस्त्री माझ्या मागे भिंतीवर पेन्सिलीनं खूण करत होता. मी न वळता म्हटलं, "किती छान आवाज येतोय ना?"

"हो, दोन तासांत होतील," तो म्हणाला.

मी वळले. तो पाठमोरा होता. टबातला आवाज चालू होता. मी माझ्या नेहमीच्या आवाजात, घरात बोलते तसं म्हटलं, "मिस्त्री, टबाला आग लागलीय."

पेन्सिलीची रेघ सरळ पुढे गेली.

मी तिथून उठले नाही. बुडबुडे कमी होत गेले, आवाज विरत गेला, आणि तो आला, टबात वाकून पाण्याकडे नीट बघितलं, बुडबुडे थांबलेत अशी खात्री करून घेतली आणि म्हणाला, "झालं पोट भरून." तो बघून ठरवत होता. टकटक करताना तो तळहातानं ऐकत होता. कानाचं काम त्यानं कधी डोळ्यांना, कधी हाताला वाटून दिलं होतं, इतक्या सफाईनं की ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

पुढच्या तीन दिवसांत अर्धी खोली बसली. तो संध्याकाळी गेल्यावर, पहिल्या दिवशी बसवलेल्या रांगा पक्क्या झाल्यावर, मी गुडघ्यांवर बसले आणि चमच्याच्या दांड्यानं वाजवत निघाले. मधोमध सगळ्या भरीव, दगडासारख्या. पण कोपऱ्यांवर काही ठिकाणी एक बारीक किण्ण असा आवाज, खाली बोटभर जागा रिकामी राहिली की येतो तसा. मोठी पोकळी जाड वाजते, ती त्याच्या हाताला कळली असती. ही कळली नव्हती. मोजल्या, नऊ निघाल्या. मी जमिनीला गाल लावून पडून राहिले. फरशी गार होती, ओल्या सिमेंटचा वास येत होता.

"आता तूही मिस्त्री झालीस का?" आई दारात उभी होती. "आणि तो तुझा मिस्त्री! आज तीनदा चहा विचारला त्याला. ढुंकून बघितलं नाही. अगदी तुझ्या बापासारखा. बाईमाणसाचा आवाज म्हणजे यांना वारा वाहतोय. मुद्दाम करतात."

मुद्दाम. हा शब्द आमच्या घरात मी लहानाची मोठी होईपर्यंत भांड्यांसारखा वाजत होता. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. घरी आले की खुर्चीत बसायचे, पेपर उघडायचे, आणि आईची बारीक, धारदार हाक त्यांच्यावरून पाण्यासारखी वाहून जायची. आई चिडायची, मग रडायची, मग तेही सोडून दिलं. काका आले की मात्र बाबा खुलायचे. काकांचा आवाज ढोलासारखा. "भावाचं ऐकू येतं," आई म्हणायची, "माझंच तेवढं येत नाही."

मी शिकत होते तेव्हा, दुसऱ्या वर्षाला, सरावासाठी एक तपासणीचं यंत्र दोन दिवस घरी आणलं होतं. आई म्हणाली, यांना बसव आधी. बाबा टेबलाशी बसले, त्यांच्यासमोर काचेच्या दाराचं पुस्तकांचं कपाट, त्यांच्या मागे मी. मी सूर सोडत गेले, ते बटण दाबत गेले. एकही चुकला नाही. इतकं बरोबर माझ्या तरुण मैत्रिणींचंही आलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की मघाशीच हेडफोनची पिन निसटून टेबलावर पडलीय. मी सूर सोडायच्या कळीवरचा अंगठा हलवला. त्यांनी बटण दाबलं. मी मान वर केली. कपाटाच्या काचेत माझा हात दिसत होता, अंगठ्यासकट, आणि हाताच्या वर बाबांचे डोळे. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं की मला कळलंय.  ते नुसते बघत राहिले, शाळेतल्या पोरानं बाईंकडे बघावं तसे. मी कागदावर सपाट रेघ ओढली आणि खाली लिहिलं, नॉर्मल.

मला वाटलं, आपण त्यांची लाज राखली. आईनं तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. "बघा," ती म्हणाली, "लेकीनं शिक्का मारून दिलाय. कान चांगले आहेत. म्हणजे मुद्दामच." त्यानंतर तिनं बाबांना हाक मारणंच बंद केलं. जे हवं ते त्यांच्यासमोर नेऊन आदळायची. तेवीस वर्षं दोघं एका घरात असे राहिले, आणि माझ्या आयुष्यातला पहिला रिपोर्ट भिंतीवर पिवळा पडत गेला.

सकाळी मिस्त्री आला तेव्हा मी त्या नऊ फरश्यांवर खडूच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्यानं त्या बघितल्या आणि त्याची मान ताठ झाली.

"पोकळ? माझ्या हातची?"

"कोपऱ्यात आहेत. वाजवून बघा."

त्यानं तळहात ठेवला, मुठीनं वाजवलं. किण्ण. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. आतल्या खोलीत नवऱ्यानं वही मिटली तेही मला कळलं. मिस्त्री माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. "भरीव आहे," तो म्हणाला, पण म्हणताना त्यानं माझ्या भुवया वाचल्या, आणि त्याचा आवाज शेवटच्या अक्षरावर घसरला.

मी त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला येईन अशी, गुडघ्यांवर बसले. तोंड स्वच्छ उजेडात धरलं. "मिस्त्री, तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. फरशी पाणी पिते तो आवाज शेवटचा कधी आला होता?"

त्यानं थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "पस्तीस वर्षं फरश्या बसवतोय मी."

"म्हणूनच. ते कापायचं मशीन कानाशीच असतं."

"कामाला नावं ठेवायची तर सरळ ठेवा, ताई. कानाला कशाला ठेवता?" तो उठला. थापी धुतली, पुसली, दोरी गुंडाळली, आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. अर्धी खोली दुधाळ, अर्धी वाळूची, किनाऱ्यासारखी. नवरा दाराशी उभा राहून ते दृश्य बघायचा आणि मान हलवायचा. "तुला माणसं कळतात म्हटलं होतं मी. कळलेलं त्यांना सांगून टाक असं नव्हतं म्हटलं."  खरं तर मलाही पटत होतं. नऊ फरश्या, त्याही कोपऱ्यात, खाली बोटभर हवा. कोण त्यांच्यावर नाचणार होतं? गप्प राहणं किती सोपं आणि किती सभ्य दिसतं हे मला जितकं माहीत होतं तितकं कुणाला नसेल. पण दोन दिवस त्या वाळूच्या काठावर बसून मी एवढंच ठरवू शकले की तो पुन्हा आला नाही तरी मी बोलले ते मागे घेणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मिस्त्री, आणि त्याच्या पुढे एक ठेंगणी, चपळ बाई.

"तुम्हीच का त्या कानवाल्या बाई?" तिनं आत येत विचारलं. "मी यांची बायको. यांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. भिंतीकडे बघत बसलेले. काल एकदम विचारतात, तू घरात किती मोठ्यानं बोलतेस? म्हटलं, मला नका विचारू, गल्लीला विचारा."

आतून आई हसली. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

मिस्त्री हसला नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आधी त्या नऊ काढतो. मग येतो तुमच्या खोलीत." आणि त्यानं खरंच आधी त्या नऊ काढल्या, कोपऱ्यांखाली बोटांनी माल दाबून दाबून पुन्हा बसवल्या. बायको त्याच्या मागून गुडघ्यांवर सरकत वाजवत होती. "ही गप्प. ही गप्प. ही पण गप्प."

रजा संपली त्या दिवशी तो इस्पितळात आला, धुतलेला शर्ट घालून, भुवयांवर मात्र धूळ तशीच. मी त्याला जाड दाराच्या खोलीत काचेकडे पाठ करून बसवलं. बायको माझ्या शेजारी स्टुलावर. जाड सुरांना त्याचा अंगठा पटापट हलला. मग मी वर चढत गेले आणि एका ठिकाणी तो थांबला. हात मांडीवर, बटण हातात, मान किंचित वाकडी. मी सूर वाढवला, आणखी वाढवला. तो आत वाट बघत होता, कुणी बोलावण्याची वाट बघत बाकावर बसलेल्या माणसासारखा, आणि त्याला बोलावून झालं होतं.

"आता वाजतंय?" बायकोनं विचारलं.

"हो."

"आता?"

"हो."

"अजून?"

"अजून."

तिनं ओठांवर हात ठेवला. मी तिला रेघ दाखवली, कड्यावरून कोसळावी तशी. सांगितलं की स, श, फ, च ही अक्षरं इथं, वरच्या बाजूला राहतात. ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, "हे पोचतं?" त्या नावातलं मधलं एकच अक्षर पोचत असणार. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षं एका अक्षरावर ओ देतात म्हणा की. म्हणजे तसे बरे आहेत म्हणायचे." आणि रडली. मिस्त्री बाहेर आला तेव्हा तिनं डोळे पुसून त्याच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकली. कानाच्या यंत्राचं मी त्याला समजावलं, कापताना कानांवर काय घालायचं तेही. त्यानं मान डोलावली आणि एवढंच विचारलं, "फरशी पिते तो आवाज परत येईल का, ताई?" मी म्हटलं, "तसाच नाही. पण काहीतरी येईल."

पुढच्या चार दिवसांत दोघांनी मिळून खोली पुरी केली. सांधे भरून झाले आणि मिस्त्रीनं सांगितलं की उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाही. त्या संध्याकाळी नवरा शाळेच्या बैठकीला गेला होता. आई आणि मी उंबऱ्याच्या अलीकडे दोन खुर्च्या टाकून बसलो, समोर ती रिकामी, फिकी जमीन, तिच्यावर मावळतीचा उजेड सांध्यासांध्यांतून पुढे सरकत होता. नदीकाठी बसल्यासारखं वाटत होतं.

"आई, बाबांना ऐकू येत नव्हतं."

"ते मला सांगतेस? ऐकायचंच नसायचं त्यांना."

"तसं नाही. मी कान तपासले होते ना त्यांचे. तो कागद खोटा होता."

मी सगळं सांगितलं, कपाटाची काच, निसटलेली पिन, अंगठा, त्यांचे डोळे. आई जमिनीकडे बघत ऐकत होती. उजेड खिडकीजवळून निघून मधोमध आला.

"मग तुझ्या काकांचं कसं यायचं?"

"काकांचा आवाज जाड. जाड आवाज जायचा त्यांच्यापर्यंत. तुझा बारीक."

"माझा बारीक," ती म्हणाली. आणि मग, "तू चौथीत होतीस. मी बॅग भरली होती. स्वयंपाकघरातून त्यांना म्हटलं, मी जाते, कायमची जाते. त्यांनी पेपरचं पान उलटलं. जा नाही, राहा नाही. मी बॅग रिकामी केली, तुझ्यासाठी. पण ते पान मी कधी विसरले नाही." ती थांबली. "म्हणजे मी निघाले होते हे त्यांना कळलंच नाही. आणि राहिले, तेही नाही."

मी उंबऱ्यावरची धूळ बोटानं पुसली.

"तू का नाही सांगितलंस तेव्हा?"

"त्यांना लाज वाटली असती."

"त्यांची राखलीस," आई म्हणाली. "आणि माझं काय केलंस?" ती उठली, खुर्ची उचलून आपल्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं.

ती जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली ती फक्त कामापुरतं, तिसऱ्या दिवशीही. सामान बाहेरच्या खोलीत परत गेलं, नवरा नव्या जमिनीवर अनवाणी फेऱ्या मारत फरशीचं कौतुक करत राहिला, आणि आमच्या दोघींच्या मधून जपून चालत राहिला. मी तिची समजूत घालायला गेले नाही. एकोणतीस वर्षं उशिरा दिलेल्या रिपोर्टाबरोबर समजूत देता येत नाही.

चौथ्या दिवशी मी इस्पितळातून लवकर सुटले. दार माझ्या किल्लीनं उघडलं. बाहेरच्या खोलीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, समोरची खुर्ची रिकामी. तिला माझी चाहूल लागली नव्हती. ती घसा खाकरत होती. काहीतरी पुटपुटली, तिला ते आवडलं नसावं, मान हलवली, पुन्हा खाकरली. मग हनुवटी छातीशी नेऊन, पोटातून, मी तिचा कधीच न ऐकलेला एक जाड, खरखरीत आवाज तिनं काढला.

"अहो, ऐकलंत का?"

आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ ती थांबली.